ब्रेक गप्प झाला तेव्हा

आमच्या जावईबापूंची एक खोड पहिल्यापासून माझ्या डोक्यात जाते. कानाला नको ते ऐकू आलं की ते रेडिओ मोठा करतात. घरात मी बोलायला लागले तरी तेच आणि गाडीत ब्रेक बोलायला लागला तरी तेच. माझं सोडा, माझा आवाज रेडिओच्या वर चढतो. ब्रेकला कुठे माझ्यासारखा गळा?

गाडी थांबवताना पुढच्या चाकातून बारीक किंचाळी यायची, ऐकून दात शिवशिवायचे. गाडी दाखवून घ्या म्हटलं, तर म्हणाले, धूळ बसली असेल. मग एके दिवशी किंचाळी आपोआप थांबली. जावई मिशीतल्या मिशीत हसले. बघा आई, गेला ना आवाज, म्हणाले. मी पोरं वाढवलीत. तापातलं पोर रडता रडता एकदम गप्प पडलं, तर मी पंखा लावून झोपत नाही, आधी अंगाला हात लावून बघते. तेवढं बोलून दाखवलं, तर लेकीने मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे दिवस भरत आलेले, रक्तदाब वर चढलेला. उद्या दवाखान्यात जाताना गाडीत तू तोंड उघडायचं नाहीस, तुमच्या दोघांच्या वादाने मला धडधडतं, शब्द दे, म्हणाली. दिला. माझा शब्द स्वस्त नाही.

आमचं घर टेकडीच्या माथ्यावर आणि दवाखाना पायथ्याला. मधे सगळा उतार, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा.

सकाळी निघालो. लेक मागे, पोटावर दोन्ही हात ठेवून. माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून मी पुढे. पहिल्याच वळणावर चाकातून खरखर आली, लोखंडावर लोखंड घासावं तशी. जावयांनी रेडिओचं बटण फिरवलं. मी ओठ मिटून घेतले.

समोर वेग दाखवणाऱ्या काट्याच्या शेजारी काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा डकवलेला दिसला. हे काय, म्हणून मी बोटाने विचारलं. तिथला दिवा उगाच पेटतो, डोळ्यांत येतो, असं उत्तर मिळालं. शब्द मी तोंडाचा दिला होता, नखांचा नाही. पट्टी ओरबाडून काढली. खाली लाल दिवा डोळे वटारून बसला होता.

पुढच्या वळणाला जळका वास आला. मी जावयांच्या पायाकडे बघायला लागले. एरवी ब्रेकवर नुसता पाय टेकला की गाडी ऐकायची. आता पाय खाली खाली जात होता. ते दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. पुढे सामानाने लादलेला एक ट्रक रांगत चालला होता आणि त्याची पाठ मोठी मोठी होत होती. रेडिओवर कुणीतरी चांदण्याचं गाणं आळवत होता. एवढं जोरात का चाललोय, लेकीने मागून विचारलं.

मी रेडिओ बंद केला.

मग जी खरखर कानावर आली, ती जावयांनी बहुधा पहिल्यांदाच धड ऐकली. तोंडाचा रंग उडाला.

"आई," ते हळूच म्हणाले, "ब्रेक लागत नाहीये."

शब्द गेला खड्ड्यात. "हात तर चालतायत ना? गिअर खाली घ्या," मी म्हटलं, आणि मागे न बघता लेकीला पाय रोवून बस म्हणून सांगितलं.

त्यांनी गिअर उतरवला. इंजिन घोगरं ओरडलं, गाडीला हिसका बसला, वेग जरा मोडला. पुन्हा उतरवला. डाव्या हाताने हँडब्रेक धरला, पण एकदम खेचला नाही. थोडा ओढला, थोडा सोडला, पुन्हा ओढला. ट्रकच्या पाठीवरच्या रंगाचे पोपडे मला दिसायला लागले होते. तेवढ्यात डोंगराच्या अंगाला रस्त्याच्या कामाची खडी पडलेली त्यांना दिसली. गाडी तिच्यात घातली. खडी चाकांखाली करकरली, माझं कपाळ समोरच्या काचेपर्यंत जाऊन पट्ट्याने मागे आलं आणि आम्ही थांबलो.

मागून लेक म्हणाली, "हललं. बाळ हललं."

जावयांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माणसाला तेवढी सोय द्यावी.

गॅरेजवाल्याने गाडी ओढून खाली नेली, आम्हालाही नेलं. दवाखान्याने दुपारी या म्हणून सांगितलं. चाक काढून मेकॅनिकने ब्रेक पॅड दाखवले. पॅडचा मसाला पार झिजून मागचा पत्रा उरलेला आणि त्या पत्र्याने डिस्कवर नांगरटीसारखे चर पाडलेले. पॅडला एक बारीक पट्टी असते, तो म्हणाला. पॅड संपत आला की ओरडायचं, एवढंच तिचं काम. तुमची ओरडून ओरडून झिजून गेली. पॅड झिजला की ब्रेक ऑइलची पातळी उतरते, म्हणून तो लाल दिवा. जावयांनी विचारलं, आवाज येत होता त्याच बाजूचे बदलले तर? मेकॅनिकने मान हलवली. दोन्ही चाकांचे जोडीनेच बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते.

नवे पॅड बसले, नव्या डिस्क बसल्या, नवं ऑइल पडलं. शेवटी पाइपातली हवा काढायची होती. मेकॅनिक चाकाशी बसला आणि जावई ब्रेकवर पाय ठेवून. दाबा, धरून ठेवा, सोडा. दाबा, धरून ठेवा, सोडा. एवढं निमूट ऐकताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

दवाखान्याकडे निघायला लेक मागे बसली, मी पुढे. जावयांनी पाय टेकवून बघितला, ब्रेक वरच्या वर घट्ट लागला. किल्ली फिरवली. सवयीने बोट रेडिओकडे गेलं आणि वाटेतच थबकलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"जावईबापू," मी म्हटलं, "हात तुमचे सोन्याचे आहेत. आज त्या हातांनी माझी लेक वाचवली, हे मी चारचौघांत सांगेन. कान मात्र कामचुकार. आता घरात बाळ येईल, रात्र रात्र रडेल. तेव्हा रेडिओ मोठा करायचा नाही. उठायचं, आणि का रडतंय ते बघायचं."