डावी कात्री

“वारसबाई, ती मोजपट्टी जरा ह्यांना द्या,” मालक म्हणाले.

‘ह्यांना’ म्हणजे त्यांच्या पुतण्याला. आजपासून कापड बेतायचं टेबल त्याचं.

तिने गळ्यातली पट्टी काढली नाही. “मालक, मास्तर आज काम सोडून चालले. त्यांच्यामागं मी ना?”

“अहो, तुम्ही आहातच की! पण हा घरचा. कोर्स करून आलाय. तुम्ही त्याच्या हाताखाली राहून त्याला शिकवा.”

काजं करणारी मावशी फिसकन हसली. “घ्या! राज्य गेलं, मुकुट तेवढा उरला!”

एकोणीस वर्षांपूर्वी ती ह्या शिलाई कारखान्यात आली तेव्हा डावखुरी होती. आईने मुद्दाम घडवून घेतलेली डाव्या हाताची कात्री पिशवीत होती. मास्तरांनी तिने बेतलेला कोट उलटापालटा करून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “माझी वारस ही. पण माझी कात्री उजव्या हाताची आहे, बाई.”

तिने स्वतःची कात्री खणात टाकली आणि उजवा हात झिजवला. फोड आले, फुटले, अंगठा कायमचा वाकला. राजाच्या पोराला वाट बघायला निदान राजवाडा तरी असतो. हिला टेबलाची कड होती. वारस म्हणजे काय, हे तो शब्द दुसऱ्याला चिकटवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. बसलेला उठेपर्यंत तक्रार न करता उभं राहणारं माणूस.

आता मास्तर खुर्चीत सुजलेली बोटं चोळत होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली.

“मास्तर, तुम्ही तरी बोला. वारस, वारस तुम्हीच म्हणायचात ना?”

“म्हणायचो.”

“मग?”

“दोनदा तू सोडून चालली होतीस. पलीकडच्या दुकानात तुला टेबल देत होते. असा हात मला कुठून मिळाला असता? म्हटलं, वारस म्हणावं. तू थांबलीस.”

“मालकांना कधी विचारलं होतंत?”

“विचारायचं काय त्यात? नुसती बोलायची गोष्ट ती.”

तिने पट्टी काढून टेबलावर ठेवली. मास्तरांनी आपली मोठी कात्री पुढे केली. “ही तरी ने. तुझीच समज.”

“उजव्या हाताची आहे ती, मास्तर.”

आपल्या जागेवर जाऊन तिने खण ओढला. तळाशी, चिंध्यांखाली, डावी कात्री होती. पात्यावर गंज होता. तिने तो पदराने पुसला, एक तुकडा पसरला, खडूने सरळ रेघ मारली आणि डाव्या हाताने कापायला घेतलं.

चार बोटं अंतर कापलं आणि कात्री रेघेवरून सुटली. हात विसरला होता.

मावशी बघत होती. हसली नाही.

तिने तुकडा झटकला, पुन्हा पसरला, आणि पहिल्या रेघेशेजारी दुसरी मारली. ह्या वेळी खडूही डाव्या हातात होता.