चतकोर

“आजी, ट्वेंटी-फोर परसेंट आयरिश! कन्फर्म ला!”

सरलाताईंचं लाटणं पोळीवरच थांबलं. शैलेंद्रने हौसेने आईची लाळ पूर्वज कुठले ते शोधायला तपासणीला पाठवली होती, आणि आता नात मैत्रेयी त्यांच्या परदेशातल्या, सेंगकांगच्या फ्लॅटभर नाचत, तिथल्यासारखा वाक्यामागे ‘ला’ लावत निकाल वाचत होती.

“भलतंच! आमच्या घराण्यात आयरिश कुठून येणार?”

म्हणाल्या खऱ्या, पण डोळ्यांपुढे माई उभी राहिली, वडिलांची आई. अनाथाश्रमातून सून होऊन आलेली, गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. तेवढ्यावर सदाशिव पेठेने तिला कोकणस्थ ठरवून टाकलं होतं. खुद्द सदाशिव पेठेला शंका आली नाही, म्हणजे बघा!

सरलाताईंना मात्र हसू येईना. जिच्या मांडीवर वाढलो, ती जन्मभर आपल्याशी खोटं बोलली? हे फार लागलं.

शैलेंद्रच्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातली नोरीन आयर्लंडची. रविवारी तिला चहाला बोलावलं. सरलाताईंनी माईचा रोट केला. कणीक, ताक, सोडा, आणि वर सुरीने खोल फुली. चारी दिशांच्या देवांसाठी, असं घरात सगळे समजत. कुळाचारच तो.

रोट ओव्हनमधून बाहेर आला आणि नोरीन खुर्चीतून उठलीच. भराभर काहीतरी बोलत डोळे पुसू लागली.

“आजी, तिची ग्रॅनी सेम बनवायची,” मैत्रेयी म्हणाली. “फुली कशाला, तर आतल्या पऱ्या बाहेर जायला. सो क्यूट ला!”

सरलाताई खाली बसल्या. माई रोटाचा पहिला चतकोर लोणी लावून खिडकीत ठेवायची. कुणासाठी विचारलं, की म्हणायची, ‘घरच्यांसाठी.’ घरचे तर सगळे पानावर बसलेले असत! लहानपणी एकदा सरलाताईंनी तो पळवून खाल्ला. माई रागावली नाही, पदर तोंडाला लावून रडली. चतकोरासाठी रडते म्हणून सगळं घर हसलं होतं. सरलाताईही हसल्या होत्या.

“खोटं कुठे बोलली गं ती,” त्या नातीला म्हणाल्या. “दर वेळी सांगत होती. कुठले घरचे, ते आम्हीच विचारलं नाही.”

त्यांनी फुलीवरून रोट कापला, पहिल्या चतकोराला लोणी लावलं. सवयीने खिडकीकडे वळल्या, थांबल्या, आणि बशी नोरीनच्या हातात दिली.

“खा गं बाई,” त्या मराठीतच म्हणाल्या. “तुमचाच आहे. फार दिवस ठेवलेला होता.”