गोडीगुलाबीची कडू कॉफी

बाजारातल्या झाडून सगळ्या दुकानांचे वजनकाटे ज्यांच्या हाताखालून दुरुस्त होऊन जायचे, त्या काटेवाल्यांच्या घरी लग्नापासून रोज सकाळी दोन गोष्टी न चुकता व्हायच्या. एक, त्यांची बायको कॉफी करायची. दोन, ती दोघं भांडायची. कॉफी अशी फक्कड की वरच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून काहीतरी निमित्त काढून खाली यायचा. आणि भांडण असं खणखणीत, की खाली यायची वेळ कधी झाली हे कळायला त्या बापड्याला घड्याळ बघावं लागायचं नाही.

भांडणाला शिस्त होती. किटली गॅसवर असेपर्यंत बायको चकार शब्द काढायची नाही. त्या किटलीची शिट्टी एखाद्या हवालदारालाही लाजवेल अशी होती, आणि तिच्यापुढे आपला आवाज फुकट घालवायला बायको काही खुळी नव्हती. शिट्टी झाली की ती किटली खाली उतरवायची, झाकण उघडायची, पदर खोचायची आणि मग नवऱ्याकडे वळायची. ओला टॉवेल पलंगावर, खिडकी उघडी, साखरेच्या डब्यात स्क्रू. विषयांना तोटा नव्हता. काटेवालेही काही कमी नव्हते. यथेच्छ बोलून झालं, की बायको गाळण्यात पूड घालून वरून पाणी सोडायची आणि पहिला कप नवऱ्यापुढे आदळायची. त्या आदळण्यात थोडी कॉफी बशीत सांडायची. काटेवाले ती आधी प्यायचे.

हे सगळं बिघडवलं त्यांच्या चिरंजीवांनी. पोरगं तसं गुणी, मुलगीही त्याने स्वतःच पसंत केलेली, पण एका संध्याकाळी हात जोडून आईबापांपुढे उभं राहिलं.

“रविवारी तिचे आईबाबा येणार आहेत,” तो म्हणाला. “घर बघायला, तुम्हाला भेटायला. तिच्या ताईचा संसार सासरच्या माणसांपायी मोडलाय. दोघांनी त्याचा धसका घेतलाय. त्यांना जरा जरी वाटलं की हे घर तसलंच आहे, तर माझं लग्न होत नाही, एवढं लक्षात ठेवा. पाया पडतो, रविवारपर्यंत भांडू नका.”

“आम्ही कुठे भांडतो?” काटेवाले म्हणाले.

“हे भांडतात,” बायको म्हणाली. “मी आपली उत्तरं देते.”

“मी? मी भांडतो?”

पोराने कपाळाला हात लावला. एकुलता एक मुलगा, आणि मुलगी लाखात एक. दोघांनी शब्द दिला.

“आणखी एक,” पोरगं जाता जाता म्हणालं. “तिचे बाबा कॉफीच्या गोदामात कामाला आहेत. चव बघून मालाची प्रत ठरवतात. मी त्यांना सांगून बसलोय, आमच्या आईच्या हातची एकदा पिऊन बघा.”

“तेवढं माझ्यावर सोड,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी झाली. बायकोने किटली उतरवली, पदर खोचला, वळली, आणि तिला शब्द आठवला. तोंड मिटून ती पुन्हा ओट्याकडे फिरली. करायला दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून तिने वाफाळतं पाणी तसंच पुडीवर ओतलं. कप अलगद नवऱ्यापुढे ठेवला. बशीत थेंब सांडला नाही.

काटेवाल्यांनी घोट घेतला आणि त्यांची जीभ आत पळाली. कडूजहर! पण शब्द दिलेला.

“छान झाली आहे,” ते म्हणाले.

आजवर ह्या माणसाने कॉफीला कधी छान म्हटलं नव्हतं. बायकोने आपला कप तोंडाला लावला आणि तिला सगळं समजलं. कॉफी बिघडली होती, आणि नवरा खोटं बोलत होता. यातलं काय जास्त लागलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग शोधाशोध सुरू झाली. काटेवाल्यांचा मापावर भारी विश्वास. त्यांनी सोनाराकडून दुरुस्तीला आलेल्या नाजूक काट्यावर पूड जोखून दिली. कडू. बायकोने दुसऱ्या दुकानातून पूड आणली. कडू. गाळणं व्हिनेगरमध्ये भिजवून घासलं, पाणी शेजारच्या नळाचं भरलं, दूधवाल्याला उगीच झापलं. कडू, कडू आणि कडू. वरच्या शिंप्याची तर पार पंचाईत झाली. खालून आवाजच येईना, तेव्हा कॉफी कधी होते तेच त्याला कळेना. एकदा अंदाजाने आला, अर्धा कप प्यायला आणि शिलाईचं काम पडलंय म्हणून निघून गेला.

घरात मात्र गोडीगुलाबी नुसती ओसंडत होती. सरावात कसर नको म्हणून दोघं एकमेकांना ‘आपण’ म्हणायला लागली होती. “आपण आधी अंघोळीला जावं.” “नको नको, आपणच जावं.” या भानगडीत काटेवाल्यांना दोनदा दुकानाला उशीर झाला.

शनिवारी संध्याकाळी बायको ओट्याला टेकून उभी होती. समोर सहावा की सातवा कप, कडूच.

“माझा हात गेला हो,” ती म्हणाली. “उद्या ते पाहुणे एक घोट घेतील आणि पोराचं नाक कापलं जाईल.”

काटेवाले पुढे सरसावले. ‘अगं, खुळी का काय तू, तुझा हात जायला तो काय पाहुणा आलाय?’ असं खेकसावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण खेकसायची बंदी, आणि धीर देण्याची दुसरी रीत ते कधी शिकलेच नव्हते.

“आपण काळजी करू नये,” ते म्हणाले.

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने तोंड फिरवलं. एवढं परकं तिला लग्नाच्या पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. मुलगी, तिची आई आणि ते चव बघणारे बाबा. ओटा बैठकीला लागूनच, मध्ये दार नाही, त्यामुळे सगळं सगळ्यांसमोर. कॉफी आली. बाबांनी कामावरच्या सवयीने फुर्रकन घोट ओढला, तोंडात घोळवला, आणि कप हळूच खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

“आपण बसावं, बिस्किटं मी आणतो,” काटेवाले बायकोला म्हणाले.

“छे, आपणच बसावं.”

“आपण दमला असाल.”

मुलीची आई या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला. तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“अहो, निघू या आपण,” ती नवऱ्याला म्हणाली.

मुलीने मान खाली घातली. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. काटेवाल्यांना काही उमगेना. इतकं गोड वागूनही कुठे माशी शिंकली?

“थांबा!” बायको उठली. “असं तोंड कडू करून कसं पाठवू? एकदा पुन्हा करते.”

काटेवाले मदतीला मागे गेले. शिट्टी झाली. बायकोने किटली उतरवली, झाकण काढलं, चमच्यासाठी खण उघडला आणि आत हात घातला. हाताला लागली पितळी वजनं. चांगली डझनभर, तेलकट.

आठवडाभर तुंबलेलं सगळं एकदम वर आलं.

“ही वजनं परत माझ्या चमच्यांत?”

“मग कुठे ठेवू? दुकानात जागा आहे का?”

“अंगणात ठेवा! डोक्यावर ठेवा! लग्न करून आले तेव्हापासून सांगतेय...”

“तेव्हापासून सांगतेयस, म्हणून तर ऐकू येईनासं झालंय! आणि काय गं, काल काय म्हणालीस, हात गेला? अगं, हात काय जातो असा? खुळी का काय तू?”

“मग काल का नाही खेकसलात? ‘आपण काळजी करू नये’ म्हणे! जीव नकोसा झाला माझा!”

पोराने डोळे गच्च मिटून घेतले. संपलं सगळं. पण ओट्याशी तोंडं चालू असताना हातही चालू होते. बायकोने मागे न बघता हात पसरला, काटेवाल्यांनी त्यावर गाळणं ठेवलं. ते सरकले तिथे ती आली. पुडीचा डबा त्यांनी उघडून धरला, तिने शब्द न तोडता चमचा भरून घेतला. भांडण संपलं तेव्हा तिने पाणी ओतलं आणि पहिला कप नेहमीसारखा नवऱ्यापुढे आदळला.

एवढ्यात दारात शिंपी उभा. तोंडात दोरा. “झाली वाटतं कॉफी?”

मुलीच्या बाबांनी घोट घेतला. मग दुसरा. मग डोळे मिटून तिसरा.

“पूड बदललीत?”

“नाही हो. तीच.”

“मग पाणी निवलं,” ते म्हणाले. “मघाशी उकळी फुटल्या फुटल्या ओतलं होतंत. त्याने पूड पोळते आणि तिच्यातला सगळा कडवटपणा उतरतो. आत्ता तुमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात पाणी जरासं उतरलं, ते अगदी बेतात. फार निवू दिलं असतंत, तर मात्र आंबट आणि पाणचट झाली असती.”

काटेवाले ताडकन पुढे आले. “तुझ्या भावाचा विषय निघाला की कॉफी आंबट होते, हे मी इतकी वर्षं सांगतोय!”

“त्याचा विषय कोण लांबवतं?”

मुलीची आई हसायला लागली, आणि हसता हसता तिने पर्स खाली ठेवली. डोळे पुसले.

“थोरलीच्या सासरी कधी कोणी आवाज चढवला नाही,” ती म्हणाली. “सगळे असेच, आपण बसावं, आपण घ्यावं. दोन वर्षं माझी पोर त्या घरात एकटी होती हो. मनातलं कोणी कोणाला सांगायचंच नाही. मघाशी तुमचं ते ‘आपण’ ऐकलं आणि थेट तेच घर आठवलं. म्हटलं, दुसरीलाही तिथेच ढकलतेय की काय.” तिने रिकामा कप पुढे केला. “अजून आहे का?”

लग्न झालं. सून आली ती सासूसाठी एक तापमापक घेऊन, लांब काडीचा, वर काट्याची तबकडी, खास किटलीत बुडवायचा. मापाचं यंत्र म्हटल्यावर काटेवाले हरखून गेले. त्यांनी ते आधी स्वतः तपासलं, चोख निघालं. सुनेने काटा कुठे आला की ओतायचं ते सासूला दाखवलं.

दुसऱ्या सकाळी शिट्टी झाली. बायकोने किटली उतरवली, काडी बुडवली, चष्मा लावून वाकून बघितलं. काटा अजून बराच वर होता. तिने काडी बाजूला ठेवली आणि पदर खोचला.

“काय हो, ओला टॉवेल परत पलंगावर कोणी टाकला?”

काटेवाल्यांनी खिडकीतून बघितलं. टॉवेल बाहेर दोरीवर होता, त्यांनी स्वतः पिळून वाळत घातलेला.

“मीच टाकला,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओट्याजवळ ओढून बसले. “मग? काय म्हणणं आहे तुझं?”