रडर किती डावीकडे

दादाचं ग्लायडर दुकानाच्या छताला टांगलेलं असतं. रिमोटवर उडणारी विमानं दुरुस्त करायचा धंदा मुळात त्याचा. तो बाबांशी भांडून परदेशी गेला आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. बाबा जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांना वाकडं काही बघवत नाही, स्वतःचा स्वभाव सोडून.

ग्लायडरचा रडर, म्हणजे शेपटीतली हलती फळी, जरा डावीकडे झुकलेला असे. पंखाला थोडा पीळ आहे, म्हणून दादाने तो मुद्दाम तसा लावला होता. बाबा रोज खालून बघायचे आणि म्हणायचे, "पोराला एक फळी सरळ लावता आली नाही." दादाची आठवण आली की असा रडरचा उद्धार व्हायचा. दोघंही हट्टी, आधी दुसऱ्याने फोन करावा म्हणून बसलेले. त्यांचं बोलणं ऐकायला माझे कान आसुसले होते.

एका दुपारी मी जेवायला गेले आणि बाबांनी ग्लायडर खाली घेतलं. रडर हलवणाऱ्या सर्वोची, म्हणजे छोट्या मोटरच्या डबीची, दांडी काढली, आस हाताने फिरवला, रडर सरळ केला आणि दांडी परत ठोकून बसवली. मी येऊन बॅटरी जोडली, तर रडर फिरला तो पार टोकाला जाऊन अडकला.

"अहो बाबा, आधी बॅटरी जोडायची, मग दांडी बसवायची," मी वैतागले. "या डबीत मोटर आहे, दातेरी चाकं आहेत आणि आस किती फिरलाय ते सांगणारी फिरकी आहे. रिमोट सारखं बजावत असतो, इथे थांब. आस तिथे नसला की मोटर त्याला तिथे आणते. तो जागेवर आला की मगच दांडी."

"मग बसव ना, होती तशी."

"होती तशी म्हणजे किती डावीकडे?"

दोनचारदा उडवून मला ते शोधता आलं असतं, पण मी कशाला बोलू? "ते दादालाच माहीत," म्हटलं, दांडी अंदाजाने बसवली आणि दादाला फोन लावून स्पीकरवर टेबलावर ठेवला.

बाबा उठून गेले नाहीत, हेच नवल. पण हात स्वस्थ बसेना. त्यांनी अंगठ्याने रडर सरळ दाबून धरला. सर्वो आपल्या जागी परतायला धडपडत गुणगुणू लागला.

"तो रडर," बाबा खाकरले, "किती डावीकडे ठेवायचास?"

पलीकडून दादा म्हणाला, "आवाज कसला येतोय?"

"मी धरून ठेवलाय."

"सोडा बाबा. मोटर जळेल."

बाबांनी अंगठा काढला नाही. "तूच येऊन लाव."

"तुम्हीच म्हणाला होतात, या घराचं दार तुला बंद."

"म्हणालो असेन. रात्री कडी तुझी बहीण लावते. ती झोपली की मी उठून काढून ठेवतो."

आणि मी, रोज सकाळी कडी निघालेली बघून स्वतःला वेंधळी म्हणत आले होते.