घासून काढलेलं वळण

आमच्या शहरात दरवर्षी तीन दिवस रस्ते बंद करून मोटारींची शर्यत होते. त्या शर्यतीची वाट मी लाकडात कापते आणि लोक ती दिवाणखान्यात टांगतात. कुणी हौसेनं, कुणी शेजाऱ्याकडे आहे म्हणून. मला त्याचं काही नाही. रेघ स्वच्छ आली पाहिजे, एवढाच माझा हट्ट.

बाबांना मात्र हा पोरखेळ वाटतो. शर्यतीआधी त्याच रस्त्यांच्या कडेला काँक्रीटचे ठोकळे बसवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. "आम्ही घाम गाळला आणि तू त्याची चित्रं टांगतेस," म्हणायचे. दृष्टी गेल्यापासून तर माझ्या कामाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. हे मला लागतं. चाळिशी उलटली तरी बापानं एकदा 'बरं केलंस' म्हणावं असं वाटतंच, त्यात लाजायचं काय?

यंदा एका हॉटेलनं स्वागतकक्षाच्या भिंतीसाठी आठ फुटी वाट मागवली. कापून, काळा रंग देऊन, पांढऱ्या फळीवर बसवून ती तयार होती. दुपारी टेम्पो येणार होता. सकाळीच मी बाबांना हाताला धरून माझ्या कारखान्यात आणलं, खुर्चीत बसवलं आणि त्यांचं बोट सुरुवातीच्या रेषेवर ठेवलं.

"बघा तरी, काय केलंय."

बोट निघालं. "हा पूल. हा बाजार. इथून उतार." त्यांना सगळं तोंडपाठ. दवाखान्यापाशी बोट थांबलं, मागे आलं, परत गेलं.

"इथं रस्त्याला बाक होता, तो कुठं गेला?"

"कसला बाक? करवत जरा हलली होती तिथं. मी घासून सरळ केलं."

"नकाशात बघ."

कापायच्या आधी मी नकाशा लाकडावर चिकटवते आणि मग सोलून टाकते. दुसरी प्रत काढली. बाक होता. नखाएवढा, पण होता. करवत बरोबर गेली होती आणि मी दीडशहाणीनं तिची चूक समजून पॉलिश पेपर चालवला होता.

"एवढ्याशानं काय बिघडतंय? हॉटेलात कुणाला कळणार आहे?" मी चिडलेच.

"कुणालाच नाही," बाबा म्हणाले. "तिथं झाडाचं मूळ आडवं आलं होतं. ते तोडायचा मला कंटाळा आला, म्हणून तीन ठोकळे वाकडे बसवले. साहेबानं बघितलं नाही. पुढं मोजणीवाल्यांनी तसंच मोजून नकाशात घातलं आणि दरवर्षी ठोकळे तसेच बसायला लागले. तेव्हापासून प्रत्येक गाडी तिथं वेग कमी करते. बावीस वर्षांतलं माझं म्हणून तेवढंच राहिलंय."

मी टेम्पोवाल्याला फोन करून संध्याकाळी यायला सांगितलं. घासलेलं लाकूड काही परत येत नाही. दवाखान्यापाशीचा अख्खा तुकडा उपटला आणि नवा कापला. बाबा खुर्चीतच बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

रंग वाळल्यावर त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. दवाखान्यापाशी ते अडलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. मग पुढं निघालं.

टेम्पोवाला आला. "काका, जरा सरका. माल उचलायचाय."

"सांभाळून उचल रे," बाबा म्हणाले. "आम्ही दोघांनी केलेलं काम आहे."