घरच्यांसाठीचा वाफा

आमच्या शेजारच्या आबांकडे दोन तऱ्हेचा पालक पिकायचा, एक जगासाठी आणि एक घरासाठी. जगासाठीचा पालक मळ्यात, त्यावर औषधाची फवारणी. घरासाठीचा वाफा परसात, नळाजवळ, आणि त्याला औषधाचा थेंब माहीत नाही असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मग बाजारातल्या लोकांनी काय खायचं, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, शहरातली माणसं काटक, त्यांना सवय असते.

सुनेला दिवस गेल्यापासून तर परसातल्या वाफ्याचा भाव फारच वधारला. मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं होतं. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे, पण आबा रोज सकाळी स्वतःच्या हाताने जुडी खुडून काकूंकडे द्यायचे आणि भाजी सुनेच्याच ताटात पडते की नाही, यावर डोळा ठेवायचे. मुलाने एकदा वाढून घेतली तर त्याला भरल्या ताटावर बोलले.

अन्नतपासणीच्या बाई मळ्यातल्या पालकाचा नमुना न्यायला आल्या, तेव्हा आबांनी त्यांना ओसरीवर बसवलं. चिखलात कशाला येता, मीच खुडून आणतो, म्हणाले. गेले मळ्याच्या दिशेने आणि वळले परसात. कुंपणापलीकडून मला ते दिसलं आणि हसू आलं. परसातली ताजी जुडी आबांनी बाईंच्या पिशवीत अशी ठेवली, जणू मुलगीच सासरी पाठवताहेत.

थोड्याच दिवसांत बाई परत आल्या. तोंडावर काळजी होती. व्यापाऱ्याच्या गाडीतूनही त्यांनी आबांच्याच पालकाचा नमुना घेतला होता, तो अगदी ठीक निघाला. आबांनी स्वतः दिलेल्या जुडीत मात्र औषध मर्यादेच्या कितीतरी वर होतं. एकाच मळ्यातला पालक गाडीत चांगला आणि मळ्यात वाईट कसा, हे त्यांना कळेना. उलगडा होईपर्यंत माल उचलायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

आबांचा पारा चढला. तुमचं यंत्र बिघडलंय म्हणाले, नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणाले. बाई शांतपणे ऐकत राहिल्या, त्यामुळे ते जास्तच भडकले.

"अहो, त्या पालकावर मी आयुष्यात कधी फवारा मारलेला नाही," ते म्हणाले.

"मळ्यात तर मारता ना?"

"मळ्यात मारतो. हा मळ्यातला नव्हताच."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. काकूंनी दाराआडून कपाळावर हात मारून घेतला.

आता वाफा दाखवणं भागच होतं. आरडाओरडा ऐकून आलेले आम्ही शेजारीही बाईंच्या मागे गेलो. पालक चांगला तरारला होता. नळाखाली फवाऱ्याचा पंप उघडा पडला होता, आबांनी तो नुकताच विसळला होता. विसळलेलं पांढुरकं पाणी फरशीवरून ओघळत थेट वाफ्यात जिरत होतं. आबांना पाणी वाया घालवलेलं खपत नसे. मळ्यातली फवारणी ते तोडणीच्या बऱ्याच आधी थांबवायचे, कारण माल परत येण्याची धास्ती होती. पंप मात्र हंगामभर, कुठल्याही पिकावर वापरला की इथेच धुतला जायचा.

बाईंनी पाण्याकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "आबा, नमुना कुठून दिलात त्याचं नंतर बघू. नुसतं भाजीत किती आहे यावर धोका ठरत नाही. ती कोण खातं, किती खातं आणि किती दिवस खातं, ते आधी सांगा."

आबा पंपाकडे बघत राहिले.  मला तेव्हा त्यांची फार दया आली.

सून मागच्या दारात उभी होती, एक हात कमरेवर टेकवून. पंपाच्या पाण्याचं तिच्या ध्यानात आलं नसावं. बाईंनी विचारलंय तर उत्तर द्यायला हवं म्हणून तीच बोलली, आणि बोलताना तिच्या आवाजात सासऱ्याचं कौतुक होतं.

"मीच खाते, रोज," ती म्हणाली. "आबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."