गाळाकडे वळलेला बाण

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो. अकोले तालुक्यातल्या एका धरणाच्या काठी राखीव जंगल आहे. तिथली पायवाट जिथे फुटते, तिथे मी उभी असते. एक वाट वाळूच्या काठावर जाते, दुसरी गाळात. सूर्यभान सुताराने मला वठलेल्या सागातून घडवले. जंगलाचा राखणदार आसाराम याने माझ्यावर बाण काढला आणि लिहिले, ‘काठाकडे’.

लोक माझ्या भरवशावर चालत, माझ्यावर रेलून फोटो काढत. त्या रेलण्याने माझ्या खांबाचे बूड ढिले होत होते. मला ते कळत होते, तरी कौतुक हवेहवेसे वाटे.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आसारामने मला हलवून पाहिले. “सकाळी बुडाशी दगड भरतो,” असे पुटपुटून तो गेला. सकाळी तो आला नाही. पर्यटकांची एक टोळी मात्र आली. एकजण मला लोंबकळला आणि मी खांबासकट फिरले. माझा बाण गाळाकडे झाला.

दुपारी नागापूरच्या मुमताजताई आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, उझ्माला घेऊन आल्या.

“अम्मी, पाटी इकडं दाखवतीय!” म्हणत उझ्मा पुढे पळाली. मला ओरडता आले नाही.

वरून सुकलेला गाळ तिच्या पायांखाली फुटला. ती कमरेपर्यंत रुतली. मुमताजताईंची किंकाळी ऐकून आसाराम धावत आला. फांद्या पसरून तो गाळावर पालथा पडला आणि इंच इंच ओढत त्याने पोरीला बाहेर काढले.

“पाटी बघूनच गेलो ओ दादा,” मुमताजताई उझ्माला कवटाळत म्हणाल्या.

पर्यटकांवर दोष ढकलून आसाराम मोकळा झाला असता. पण त्याने मान खाली घातली. “चूक माझी हाय, ताई. ढिली झालेली कालच दिसली हुती मला. सकाळी दुसऱ्या कामाला लागलो अन् इसरलो.”

मित्रांनो, चूक माझीही होती; कौतुकाच्या हौसेपायी मी ढिली होत गेले. वाट दाखवणाऱ्या पाटीवर रेलू नका. ती हलताना दिसली, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

आता माझ्या बुडाशी सिमेंट आहे. तरी आसाराम रोज सकाळी येतो, मला दोन्ही हातांनी हलवतो. मी हलत नाही. तो मात्र बराच वेळ गाळाकडे बघत राहतो.